देवाला आधी काय देता?

मैत्रिणींनो, सकाळी डोळे उघडल्यावर तुम्ही पहिली गोष्ट कोणती करता? अगदी खरं सांगायचं हं! दूध तापवायला ठेवता? नळाला पाणी आलं का ते बघता? की अंथरुणातूनच हात लांबवून उशाजवळचा मोबाईल चाचपता? माझं विचाराल, तर कित्येक वर्षं मी त्या तिसऱ्या प्रकारात मोडत होते. आणि गंमत अशी, की मी स्वतःला मोठी देवभोळी समजत होते.

आम्ही ख्रिस्ती. माझं माहेर नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, आणि सासर पुण्याचं. माहेरी फार शिस्त होती. सकाळची कौटुंबिक प्रार्थना झाल्याशिवाय चहा मिळत नसे. वडील पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचे, आई एखादं गीत धरायची आणि आम्ही भावंडं डोळे मिटून बसायचो. खरं तर एकच डोळा मिटलेला असायचा, दुसरा स्टोव्हवरच्या चहाच्या भांड्याकडे! तरी ती सवय अंगात मुरली होती. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरीही देवपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी न घालणारी आजी किंवा सासू असेलच. म्हणून आज जे सांगणार आहे ते आमच्या धर्माच्या घरात घडलेलं असलं, तरी तुम्हाला परकं वाटणार नाही अशी माझी खात्री आहे.

लग्न झालं, दोन मुलं झाली, यांची नोकरी फिरतीची. संसाराला हातभार म्हणून मी घरच्या घरी केक करून द्यायला लागले. आधी सोसायटीतल्या मुलांचे वाढदिवस, मग यांच्या ऑफिसातली माणसं, मग ओळखीतून ओळख. डिसेंबर लागला की नाताळच्या फळांच्या केकची झुंबड उडायची. मनुका, खजूर, अंजीर, चेरी आठवडाभर आधी संत्र्याच्या रसात भिजवून फ्रीज भरून ठेवायचा. घरात पाय ठेवायला जागा नसायची. केकच्या जोडीला करंज्या, शंकरपाळे, चकल्या. आणि याच दिवसांत चर्चमधल्या महिला मंडळाची मी चिटणीस! गाण्यांचा कार्यक्रम, मुलांचं नाटुकलं, गरीब घरांना द्यायची फराळाची पाकिटं, सगळ्याच्या याद्या माझ्याजवळ. बायका म्हणायच्या, “बाई, तुमच्याशिवाय चर्चचं पान हलत नाही.” मी वरवर “छे हो, काहीतरीच!” म्हणत असे, पण आतून किती फुगत असे म्हणून सांगू!

या सगळ्या धावपळीत घरात एक माणूस शांत बसलेलं होतं. माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आईच म्हणतो. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. वाचनाचा भारी नाद. त्याला कारणही तसंच आहे. आईंची आजी १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला आली होती. पंडिता रमाबाईंनी त्या दुष्काळात आणलेल्या शेकडो मुलींपैकी ती एक. मुक्ती मिशनमध्ये ती अक्षरं शिकली आणि पुढे तिथल्या छापखान्यात खिळे जुळवू लागली. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या आणि ते तिथेच, बायकामुलींच्या हातून जुळवलं जात होतं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. शेवटच्या दिवसांपर्यंत त्यांचं लक्ष त्या भाषांतरातच होतं. आईंची आजी सांगायची म्हणे, की खिळे उलटे जुळवायचे असतात, म्हणून मला देवाचं वचन आधी उलटं वाचता आलं, सुलटं मागाहून! ज्या घरात अक्षरं अशी आली, त्या घरातल्या लेकीला वाचनाची ओढ असणारच की.

पण आईंच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, ताटाशेजारची वाटी हाताला लागून कलंडायची. आम्हाला वाटलं, वय झालं. डॉक्टरांकडे नेईपर्यंत बराच उशीर झाला होता. थेंब सुरू झाले, पण डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, “हे औषध उरलेली नजर टिकवायला आहे. गेलेली नजर परत येत नाही.” (म्हणून सांगते मैत्रिणींनो, चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा डोळ्यांतला दाबही तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच.) हळूहळू शास्त्रातली अक्षरं त्यांना लागेनात. मोठ्या अक्षरांची प्रत आणली, तीही काही महिन्यांत निरुपयोगी झाली.

एक दिवस त्या म्हणाल्या, “संध्याकाळी वेळ झाला तर एक अध्याय वाचून दाखवशील का गं?”

मी म्हटलं, “हो आई, वाचेन की!” आणि त्या संध्याकाळी तीन किलोच्या केकवर साखरेची फुलं काढत बसले. दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक. तिसऱ्या दिवशी पाहुणे. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा एकदा आठवण केली. मी म्हटलं, “उद्या नक्की.” यांनी तोडगा काढला आणि आईंच्या मोबाईलवर ऐकायचं बायबल घालून दिलं. प्रश्न मिटला असं समजून मी सुटकेचा श्वास टाकला. मोबाईल दोन दिवस बोलला, मग टेबलावर पडून राहिला. मला वाटलं, आईंना बटणं जमत नसतील. विचारायला मात्र मला सवड झाली नाही.

ही गोष्ट २०२२ च्या डिसेंबरातली. गाण्यांच्या कार्यक्रमाची बैठक आटोपून मी सातच्या सुमाराला घरी आले. दार नुसतं लोटलेलं. आतून वाचण्याचा आवाज येत होता. शेजारच्या काकूंची नात, आठवीतली पोर, आईंच्या खुर्चीपाशी जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि आमचं पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचत होती. लूकच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय. मार्था आणि मरीया या दोघी बहिणींची गोष्ट.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभू येशू या बहिणींच्या घरी येतो. मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. मार्था बिचारी स्वयंपाकात बुडालेली. शेवटी ती वैतागून प्रभूकडेच तक्रार करते, की हिला जरा मला हात लावायला सांग ना! तेव्हा प्रभू तिला समजावतो, की तुझा जीव फार गोष्टींत अडकला आहे. खरी गरजेची गोष्ट एकच आहे आणि ती मरीयेनं निवडली आहे.

पोरीनं वाचणं थांबवलं. “आजी, एक विचारू? मग त्या दिवशी स्वयंपाक केला कोणी?”

आई हसल्या. “कोणी म्हणजे? मार्थानंच केला असणार.”

“मग तिचं काय चुकलं? घरी माणूस आल्यावर खायला-प्यायला नको बघायला? आमची आजी तर मला ओरडेलच, मी नुसती बसून राहिले तर.”

“स्वयंपाकात चूक नव्हती गं. पण पाहुणा जेवायला थोडाच आला होता? तो बोलायला आला होता. आणि त्याच्या जेवणाच्या गडबडीत त्याच्याशी बोलायचंच राहून गेलं. एवढंच चुकलं तिचं.”

मी उंबऱ्यात तशीच उभी. एका हातात कार्यक्रमाची फाईल, दुसऱ्या हातात लोण्याची पिशवी. ज्याच्या जन्मदिवसासाठी मी दोन महिने पाय मोडेस्तोवर धावत होते, त्याच्याशी बोलून मला किती दिवस झाले होते? चर्चमधल्या प्रार्थनेतसुद्धा माझं अर्धं मन ‘साखर पुरेल का’ यात असे. आणि आमच्या घरातलं शास्त्र आमच्या घरातल्या म्हातारीला वाचून दाखवायला शेजारच्या हिंदू घरातली पोर येत होती. चौकशी केली तेव्हा कळलं, ऑक्टोबरपासून येत होती. मला पत्ताच नाही! तिची आजी उलट म्हणाली, “बरं झालं हो, पोरीचं वाचन सुधारलं. घरी हरिपाठसुद्धा आता न अडखळता म्हणते.”

रात्री आईंच्या डोळ्यांत थेंब घालताना मी विचारलं, “आई, मला का नाही बोललात?”

“बोलले होते की,” त्या सहज म्हणाल्या. “दोनदा बोलले. तिसऱ्यांदा बोलायला बरं वाटेना. तू काही सिनेमाला थोडीच जात होतीस! चर्चच्याच कामात होतीस. देवाच्या कामातून उठवून देवाचं वचन वाचायला कसं बसवू तुला?”

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांचा तो स्वभावच नाही. म्हणून तर ते जास्त लागलं.

“आणि मोबाईल?”

“तो वाचतो छान. पण मध्येच थांबून ‘म्हणजे काय हो आजी?’ असं विचारत नाही ना!”

मैत्रिणींनो, मोह म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दागिना, साडी, सिनेमा, टीव्हीवरच्या मालिका, मोबाईल. हे मोह ओळखायला सोपे. त्यांच्या कपाळावर नाव लिहिलेलं असतं. पण जो मोह चर्चचे स्वच्छ कपडे घालून येतो, हातात सेवेची यादी घेऊन येतो, तो कसा ओळखायचा? मला तर वाटायचं, मी देवाला पहिली जागा दिलीय. खरं बघता मी पहिली जागा माझ्या कर्तबगारीला दिली होती आणि देवाला शिल्लक राहील तो वेळ. रात्री साडेअकराला, डोळ्यांवर झापड असताना, “प्रभू, सगळ्यांना सांभाळ” एवढं पुटपुटून मी झोपत होते. घरातल्या माणसाला रोज शिळंपाकं वाढलं असतं, तर तो रुसून उठला असता!

दुसऱ्या दिवसापासून ठरवलं. संध्याकाळी साडेसातला वीस मिनिटं. फक्त वीस. मोबाईल स्वयंपाकघरात कणकेच्या डब्यावर ठेवायचा आणि आईंजवळ बसायचं. पहिल्या दिवशी काय झालं, ऐका. अर्धा अध्याय वाचला असेल नसेल, तोच ओव्हनमधून करपल्याचा वास! माझा जीव वरखाली. पण आता उठायचं नाही म्हणजे नाही, अशा हट्टानं मी वाचतच राहिले. आई नाक वर करून म्हणाल्या, “अगं, आधी केक काढून ये. प्रभूला जळका वास आवडतो असं मी तरी कुठे वाचलेलं नाही.” दोन किलोचा केक कोळसा झाला होता. दुसऱ्या दिवसापासून मी साडेसातच्या आधी अर्धा तास ओव्हनमध्ये काही ठेवायचं नाही, असा नियम केला. भक्तीलासुद्धा थोडं घड्याळ लागतंच, बरं का!

ती शेजारची पोर अजून येते. तिला मी बंद केलं नाही, कारण आईंनाच ते आवडलं नसतं. आता आम्ही तिघी बसतो. एकदा तिनं मला विचारलं, “काकू, आमच्याकडे कुणी जेवायच्या आधी देवाला नैवेद्य दाखवतात. तुमच्याकडे तर नैवेद्य नसतो. मग तुम्ही देवाला आधी काय देता?”

काय उत्तर द्यावं ते मला पटकन सुचेना. दानाबद्दल सांगितलं, पगाराचा दहावा हिस्सा पहिल्यांदा बाजूला काढतो ते सांगितलं. नगरकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत सुगीनंतर पहिलं धान्य, भाजी, कोंबडी घेऊन लोक चर्चला येतात तेही सांगितलं. तिचं समाधान झालं. माझं झालं नाही. पैसे देणं मला कधीच जड गेलं नव्हतं. नैवेद्य म्हणजे ताट भरल्यावर त्यातला पहिला घास, कोणी तोंड लावायच्या आधीचा. माझ्या ताटात सगळ्यात कमी काय होतं? वेळ. म्हणजे त्यातलाच पहिला घास काढायला हवा होता, आणि तोच तर मी चुकवत होते.

म्हणून मग रविवारचाही विचार करावा लागला. रविवारी सकाळी केक न्यायला गिऱ्हाइकं येत. उपासनेला मी एक तर उशिरा पोचत असे, नाहीतर शेवटचं गीत संपायच्या आधी निघत असे. मी कळवून टाकलं, की रविवारी दुपारी एकच्या आधी केक मिळणार नाही. आता तुम्हाला वाटेल, देवानं लगेच दुप्पट ऑर्डरी दिल्या असतील! तसं काही झालं नाही. गोष्टींत होतं तसं संसारात होत नाही. दोन मोठी गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. २०२१ च्या नाताळात ११० किलो केक गेला होता, २०२२ मध्ये ७२ किलो. धाकट्याच्या क्लासचा दुसरा हप्ता दोन महिने लांबला. नवा मोठा ओव्हन घ्यायचं मनात होतं, ते अजून मनातच आहे. यांनी एकदा विचारलंही, “झेपेल ना आपल्याला?” मी म्हटलं, “माहीत नाही. पण आधी जे चाललं होतं ते मला झेपत नव्हतं.” हे काही बोलले नाहीत. त्या रविवारी मात्र फिरतीहून रात्री उशिरा आलेले असूनही सकाळी आईंचा हात धरून चर्चला आले.

चिटणीसपदही मी एका तरुण मुलीकडे सोपवलं. माझ्याशिवाय कार्यक्रम फसेल अशी मला मनातून थोडी आशा होती, हे कबूल करते. तो अगदी छान पार पडला! मला मेलीला जरा वाईटच वाटलं.

त्याच हिवाळ्यात योहानाचं शुभवर्तमान वाचताना बाराव्या अध्यायात एक गोष्ट सापडली. इतकी वर्षं वाचूनही ती माझ्या लक्षात आली नव्हती. प्रभू पुन्हा बेथानीला येतो. वल्हांडणाला सहा दिवस उरलेले असतात. त्याच्यासाठी जेवण केलेलं असतं, आणि वाढायला कोण, तर मार्थाच! म्हणजे तिनं चूल सोडली नव्हती. प्रभूनं तिला कधी ‘स्वयंपाक टाक’ म्हटलंच नव्हतं. तीच बाई, तेच वाढणं. फक्त या वेळी तिची तक्रार कुठे लिहिलेली नाही. मरीया याही वेळी पायाशीच आहे, आणि मार्था तिच्याकडे बोट दाखवत नाही. आणि त्याआधीच्या अध्यायात भाऊ लाजर वारल्यावर प्रभूला सामोरी धावत जाऊन त्याच्यावरचा विश्वास स्पष्ट बोलून दाखवणारीही मार्थाच. मी हे वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाल्या, “मी म्हटलं नव्हतं? मार्थाला लोक उगीच नावं ठेवतात. ती शिकली की नंतर.”

मला फार धीर आला. देवाला पहिलं ठेवायचं म्हणजे घरदार सोडायचं, असं नाही. चूल तीच, ओव्हन तोच, मुलांचे डबे तेच. बदलते ती फक्त रांग. आधी कोण, मग कोण. शर्टाचं पहिलं बटण चुकलं की खालची सगळी चुकतात ना, तसंच. रमाबाईंच्या अंगणात शेकडो पोरकी तोंडं जेवायला होती, शेती होती, गुरं होती, विहिरी खणायच्या होत्या. आपल्याहून रिकामा वेळ त्यांना होता, असं कोण म्हणेल? तरी भाषांतराचे कागद त्यांनी ‘उद्या’वर टाकले नाहीत. टाकले असते, तर ते झालेच नसते.

मी आता सुधारले, असं मात्र समजू नका. आजही कितीतरी सकाळी माझा हात आधी मोबाईलकडेच जातो. आठवड्यातून एखादी संध्याकाळ हुकते. वाचताना मनात लोण्याचा भाव येऊन जातो. आईंना ते माझ्या आवाजावरून कळतं. त्या मध्येच म्हणतात, “ती ओळ पुन्हा वाच. तुझी होती स्वयंपाकघरात.” त्या आता पंच्याऐंशीच्या आहेत. फक्त उजेड आणि अंधार कळतो. पण निम्मं शास्त्र तोंडपाठ आहे. मी ओळ गाळली की लगेच पकडतात.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं त्या दिवसापासून मी बसेपर्यंत चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांतल्या सुरुवातीला त्यांना अजून माझा चेहरा दिसत होता. शेजारी बसून वाचलं असतं, तर वाचणाऱ्या सुनेचा चेहरा त्यांनी पाहिला असता. आता त्या ऐकतात फक्त. ते नुकसान कुठल्या नाताळात भरून निघायचं?

म्हणून मैत्रिणींनो, तुम्ही ज्या देवाला मानत असाल, त्याच्यासाठी आज एवढंच करून बघा. दिवसातली वीसच मिनिटं, पण उरलेली नाहीत, आधीची. आणि बसण्याआधी घरात एकदा नजर टाका. कुणी दोनदा विचारून गप्प बसलेलं नाही ना? असेल, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. मला वाटतं, ती बैठक देव स्वतःच्या नावावरच मांडतो.

बरं, आता पुरे करते. सव्वासात झाले. ओव्हन बंद करायला हवा.